दुपारचा रकाना

जून २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी वजनाच्या दिवशी हजर होते, याला माझी कर्तव्यदक्षता कारणीभूत नव्हती. मला जायचे होते पुढच्या पाड्यावर, पण वाटेतल्या ओहोळाला पाणी आले होते. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काम करताना दर महिन्याला प्रत्येक केंद्रातले वजन प्रत्यक्ष पाहणे मला जमत नाही. बहुतेक वेळा आकडेच माझ्यापर्यंत येतात. त्या दिवशी मात्र सेविका एकेक मूल काट्यावर घेत होती, मदतनीस लांबी मोजताना मुलांचे गुडघे धरून ठेवत होती आणि मी शेजारी बसून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंदी बरोबर जातात की नाही ते बघत होते.

चौदा महिन्यांच्या एका मुलीचे वजन ६ किलो १०० ग्रॅम भरले. लांबी ७०.५ सेंटिमीटर आणि दंडघेर ११.३ सेंटिमीटर. या लांबीच्या मुलीचे वजन साधारण सव्वाआठ किलो असायला हवे, आणि ते ६ किलो ४०० ग्रॅमच्या खाली गेले तर ती ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित ठरते. दंडघेरही साडेअकराच्या आत होता, त्यामुळे शंकेला जागा उरली नव्हती. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहिला, सूज नव्हती. मुलीचे नाव मी लिहीत नाही. घरात तिला सगळे ‘बारकी’ म्हणत, मीही तेच वापरते. काट्याच्या थंडगार पत्र्यावर ठेवल्यावर इतर मुले आकांत करत होती, ही मात्र रडली नाही. या वयाचे मूल परक्या बाईच्या हातात निमूट बसले की मला धडकी भरते, हे इतक्या वर्षांत शिकलेले आहे.

तिला कडेवर घेऊन आली होती तिची सात वर्षांची बहीण. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता, तरी ती शाळेत नव्हती. ‘आई कुठे?’ असे विचारल्यावर तिने शेताच्या दिशेने हात केला.

आमच्या भागाला या विषयाचा इतिहास आहे. १९९२ मध्ये वावर-वांगणी परिसरात बालके दगावली तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यानंतर योजना वाढल्या, रस्ते झाले, अंगणवाड्यांना इमारती मिळाल्या, आणि उपासमारीने मूल गेले असे सरळ म्हणता येईल असे दृश्य आता सहसा दिसत नाही. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली आणि चौथ्या सर्वेक्षणातही हा आकडा तेवढाच होता. आढावा बैठकीत अशा मुलाच्या नावापुढे कारण लिहावे लागते. ‘पालकांचे अज्ञान’ हे दोन शब्द तिथे पटकन बसतात आणि पुढचा प्रश्न येत नाही. मीही ते अनेकदा लिहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी सेविका आणि आशाताईंना घेऊन मी त्यांच्या घरी गेले. कुडाचे घर, पुढे पडवी, पडवीत नागलीचे बियाणे बांधलेले गाठोडे. घरात सहा माणसे: आजी, आई, वडील, मोठी मुलगी, तीन वर्षांचा होऊ घातलेला मुलगा आणि बारकी. मुलगा आणि बारकी यांच्यात वीस महिन्यांचेच अंतर होते. बारकी जन्मली तेव्हा तिचे वजन २ किलो १०० ग्रॅम होते, हे माता-बाल कार्डावर लिहिलेले होते. त्याच कार्डावर आईचे हिमोग्लोबिन ८.२ होते. म्हणजे मुलीची घसरण जूनमध्ये सुरू झाली नव्हती. आई पुन्हा दिवस राहिलेली असताना मोठा मुलगा अंगावर पीत होता, तेव्हाच तिचा पाया घातला गेला होता.

घरात धान्य नव्हते असे अजिबात नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य येत होते, घरची थोडी नागली आणि वरई होती, माळ्यावर उडीद होते, डब्यात सुकट होती. चुलीवर पेज होती. आजीने मला ती झाकण काढून दाखवली आणि म्हणाली, ‘मॅडम, पोर खाते की. दिवसभर तिच्या हातात काहीतरी असतंच.’ ती खोटे बोलत नव्हती. सेविकेने पेजेत चमचा फिरवला, तर शिते तळाशी आणि वर पाणी. लहान मुलाच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावते. सहा किलोच्या मुलीच्या पोटात एका वेळी जेमतेम १८० मिलिलिटर, म्हणजे एक पेला. तो पेला पातळ पेजेने भरला की मूल तृप्त दिसते, झोपतेही, पण त्या पेल्यातून त्याला मिळते फार थोडे. म्हणूनच या वयात दिवसातून पाच वेळा थोडे थोडे आणि घट्ट भरवावे लागते, आणि त्यात चमचाभर तेल घातले तर पोट न वाढवता ४५ किलोकॅलरींची भर पडते.

हे सगळे मी त्या दिवशी आईला सांगितले. ती शेतावरून चिखलाच्या पायांनी आली होती आणि दारातच उभी राहून ऐकत होती. तिने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मी गृहभेटीच्या नोंदवहीत ‘पोषण आहाराबाबत मार्गदर्शन केले’ असे लिहिले. दिवसातून पाच वेळा कोण भरवणार, हा प्रश्न मी तिला विचारला नाही, मलाही तो पडला नाही.

घरपोच आहाराची पाकिटे येत होती का, हे मात्र विचारले. येत होती. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत गरम जेवण नसते. त्यांच्यासाठी पाकिटे घरी दिली जातात. सर्वसाधारण मुलासाठी या पूरक आहारातून रोज ५०० किलोकॅलरी आणि तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० किलोकॅलरी मिळाव्यात, असा शासनाचा त्या वेळचा हिशेब होता. हिशेबात ते पाकीट एका मुलाचे असते. घरात मात्र ते सहा जणांचे होते. मोठ्या दोघांच्या डोळ्यांदेखत एकटीलाच गोड शिरा भरवणे कोणत्याही आईला शक्य नाही, आणि ते शक्य व्हावे अशी अपेक्षाही मी आता करत नाही.

बारकीला पोषण पुनर्वसन केंद्रात, ज्याला आमच्याकडे सगळे एनआरसी म्हणतात, दाखल करायचे ठरले. मी आईला समजावले, वडिलांना समजावले, गाडीची सोय केली आणि २ जुलैला ती दोघी तिथे पोहोचल्या. केंद्राच्या कामाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. सुरुवातीला भूक चाचणी, रक्तातली साखर, अंगाचे तापमान, मग दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून दिलेले दूध. पहिल्या टप्प्यात शंभर मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी देणारे एफ-७५ आणि मूल स्थिरावल्यावर शंभर किलोकॅलरींचे एफ-१००. उपाशी शरीरावर एकदम भार टाकला तर ते कोलमडते, म्हणून ही सबुरी. लोहाचे औषधही मुलाचे वजन वाढायला लागल्यावरच देतात, हे पुष्कळ पालकांना आणि आमच्यातल्या काही जणींनाही विचित्र वाटते.

मुक्काम चौदा दिवसांचा होता. सहाव्या दिवशी आई मुलीला घेऊन निघून आली.

सेविकेचा फोन आला तेव्हा मी संतापले. एवढी धडपड करून दाखल केलेली मुलगी, वजन सहा किलो दोनशेवर आलेले, आणि बाई उठून चालती झाली. त्याच तिरीमिरीत मी पाड्यावर गेले. ती शेतात होती, गुडघाभर चिखलात, आवणी चालू होती, म्हणजे राबात (रोपवाटिकेत) वाढवलेली भातरोपे खाचरात लावणे. बांधावर उभी राहून मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिने रोपांची मूठ खाली ठेवली नाही. म्हणाली, ‘मॅडम, राब वाढून बसलाय. आठ दिवस गेले तर आवणी जाते. आवणी गेली तर चौघं काय खातील?’ आणि थोड्या वेळाने, वाकलेलीच, ‘पोरगा रात्री रडतो म्हणून सासूबाईंनी निरोप धाडला होता.’

केंद्रात राहिलेल्या दिवसांची बुडीत मजुरी मिळते हे मी तिला सांगितले होते. पण ती मजुरी दुसऱ्याच्या शेतावर बुडालेल्या दिवसाची. स्वतःच्या एक एकरभर खाचरातली आवणी बुडाली तर तिची भरपाई कोणत्याही योजनेत नाही. आवणी करायला दोन माणसे लागतात, आणि त्या घरात कामाची माणसे दोनच होती. तिला चौदा दिवस उचलून न्यायचे तर तिच्या जागी शेतात कोण, आणि पोरांजवळ कोण, हे मी आधी बघायला हवे होते. मी फक्त गाडी बघितली होती.

त्यानंतरचा पंधरवडा वाईट गेला. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी गढूळ होते आणि जुलाबाची साथ येतेच. बारकीला जुलाब लागले. ओआरएस आणि झिंक सुरू केले, आरोग्यसेविका दोनदा जाऊन आल्या, घरच्यांनी भगताकडूनही दोरा आणला. दोऱ्याला मी कधीच विरोध करत नाही, कारण विरोध केला की पुढच्या वेळी आपल्याला कळवत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचे वजन ५ किलो ९०० ग्रॅम झाले होते. म्हणजे दाखल होण्याआधीपेक्षाही कमी.

त्याच आठवड्यात मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला. हा कोणत्याही शासकीय नमुन्यात नाही. पट्टीने उभी रेघ मारून वर लिहिले, ‘कोण भरवते?’ आणि खाली सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. मग सेविकेला बरोबर घेऊन त्या पाड्यावरच्या, कमी वजनाच्या सातही मुलांच्या घरी बसले आणि उपदेश न करता एवढेच विचारले. सकाळी आई, पण शेतावर जायच्या घाईत. रात्री आई, पण मूल तोवर पेंगुळलेले. संध्याकाळी आजी, जिथे आजी होती तिथे. दुपारच्या रकान्यात सातांपैकी पाच घरांत एकच उत्तर आले: मोठी बहीण. कोणी नऊ वर्षांची, कोणी सात, एक तर सहाची.

बारकीच्या बहिणीला मी दुपारी भरवताना पाहिले. तिने टोपातून पेज काढली, वर मीठ टाकले, बारकीला मांडीत घेतले आणि अगदी आईसारखे बोटाने ओठ पुसत चार घास दिले. पाचव्या घासाला बारकीने मान फिरवली. आजारातून उठलेले मूल मान फिरवतेच. तिथे थांबायचे, खेळवायचे, पुन्हा द्यायचे, यात अर्धा-पाऊण तास जातो. सात वर्षांच्या मुलीने एकदा विचारले, दोनदा विचारले आणि उरलेली पेज स्वतः पिऊन टाकली. ती स्वतः सकाळपासून काही खाल्लेली नव्हती. मी शेजारी बसून हे बघत होते आणि ‘अज्ञान’ हा शब्द नेमका कुणाच्या नावापुढे लिहावा, ते मला कळेना.

दुसऱ्यांदा दाखल करण्यापूर्वी आम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केली. आवणी संपेपर्यंत थांबलो. हा धोका होता आणि तो घ्यायला मी एकटीच्या जबाबदारीवर तयार झाले नसते; वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून, भूक आहे, ताप नाही, हे पाहून रोज नजर ठेवण्याच्या अटीवर दहा दिवस दिले. आईची धाकटी बहीण शेजारच्या गावाहून येऊन राहील असे ठरले, त्यासाठी वडील स्वतः जाऊन तिच्या सासरी बोलून आले. तीन वर्षे पूर्ण होत आलेल्या मुलाला सेविकेने अंगणवाडीत बसवायला सुरुवात केली, म्हणजे त्याचे दुपारचे जेवण तिथे होऊ लागले. मोठी मुलगी शाळेत गेली, म्हणजे तिचेही. या सगळ्यात शासनाचा एकही जादा रुपया लागला नाही. चार-पाच वेळा बसून बोलावे लागले, आणि पर्यवेक्षिकेच्या महिन्याच्या वेळापत्रकात ‘बसून बोलणे’ असा प्रकार नसतो, एवढीच अडचण.

१७ ऑगस्टला ती दोघी पुन्हा गेल्या आणि या वेळी पूर्ण चौदा दिवस राहिल्या. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या खेपेला बारकीने माझ्या पर्सचा बंद ओढला आणि सोडवल्यावर भोकाड पसरले. ते रडणे ऐकून तिथली परिचारिका आणि मी दोघी हसलो. आई खाटेवर पाय पसरून बसली होती. तिला असे बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. दुपारची वेळ होती. वाटीत घट्ट खिचडी, वर तेल. बारकीने मान फिरवली की आई वाटी खाली ठेवायची, तिच्या हातातली बांगडी वाजवून दाखवायची, पुन्हा घास. पाऊण तास मी घड्याळ लावून बघितला. वाटी संपली. मी म्हणाले, ‘बघ, खाते की नाही?’ त्यावर ती म्हणाली, ‘इथे खाते, कारण इथे मला दुसरं काम नाही.’

घरी आली तेव्हा वजन ६ किलो ६०० ग्रॅम होते.

सप्टेंबरमध्ये अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र, म्हणजे व्हीसीडीसी, सुरू केले. पाड्यावरची चार मुले त्यात होती. सेविका आणि मदतनीस दिवसभरात ठरावीक अंतराने त्यांना भरवत. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेले पीठ आम्ही डब्यात ठेवले होते. घट्ट शिजवलेल्या खिमटीत ते चिमूटभर घातले की खिमट सैल होते, पाणी न वाढवता. मोडातल्या द्रव्याने पिष्टाचे तुकडे होतात म्हणून हे घडते. आजीला हा प्रकार फार आवडला. ‘हे तर आमचंच,’ म्हणाली, आणि घरी नागलीला मोड आणायला लागली. अमृत आहार योजनेतली अंडी आठवड्यातून चार दिवस होती. पण ती घरी न देता केंद्रात सोलून, कुस्करून, समोर भरवायची असा आम्ही त्या चौघांपुरता नियम केला. कोजागरीच्या सुमारास बारकी ७ किलो १०० ग्रॅमवर आणि दंडघेर १२.१ वर पोहोचली. सॅममधून ती मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत आली. अहवालात हा यशाचा आकडा म्हणून गेला. माझ्या नावासह.

तेव्हा मला हे ठाऊक नव्हते की वडिलांनी बयाणा घेतलेला आहे. वीटभट्टीच्या शेठकडून पावसाळ्यातच आगाऊ रक्कम घ्यायची आणि दिवाळीनंतर जोडीने जाऊन ती फेडायची, ही इथली जुनी पद्धत आहे. नेहमी ते गणपतीच्या सुमारास घेत. त्या वर्षी जुलैतच घेतला. का, ते वडिलांनी नंतर सहज सांगितले: मुलगी दवाखान्यात असताना जीपची भाडी, बाहेरचे खाणे, आवणीला लावलेला एक मजूर. पहिल्यांदा दाखल करण्याच्या आमच्या फसलेल्या प्रयत्नाचा खर्च बयाण्यात गेला होता. बयाणा लवकर आणि थोडा जास्त, म्हणून भट्टीवर जाणेही लवकर. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले आणि नोव्हेंबर लागताच ते चौघे भिवंडीकडच्या एका भट्टीवर गेले. आजी आणि मुलगा मागे राहिले, मोठी मुलगी बारकीला सांभाळायला बरोबर. तिचे शाळेतले नाव हजेरीपटावर राहिले.

स्थलांतरित मुलांची नोंद आम्ही पुढच्या केंद्राला कळवतो, तशी कळवली. तिथल्या सेविकेने फोनवर नीट बोलून घेतले, पण तिची अंगणवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती, आणि तीन वर्षांखालच्या मुलीला ती देऊ शकत होती ते पुन्हा पाकीटच.

जानेवारीत संक्रांतीला मी भिवंडीत नातेवाइकांकडे गेले होते. १५ तारीख, रविवार. पर्समध्ये दंडघेराची पट्टी होती. ती माझ्या पर्समध्ये असतेच, घरचे त्यावरून चेष्टा करतात. सकाळी अकराच्या सुमारास भट्टी शोधत गेले. पाडलेल्या कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा, उन्हात तापलेल्या, आणि कडेला गवताचे झाप. आई झापात झोपलेली होती. आधी मला ते खटकले, मग मोठ्या मुलीने सांगितले की ती दोघे रात्री दोनला उठतात, माती कालवून उन्हे चढेपर्यंत विटा पाडतात आणि मग झोपतात. विटांच्या सावलीत बारकी बसली होती. हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, समोर स्टीलच्या पेल्यात काळा चहा. ती चहात बिस्कीट बुडवत होती आणि ते दर वेळी तुटून चहात पडत होते.

दंडघेर ११.८ भरला.

आई उठल्यावर आम्ही बोललो. रेशन कार्ड गावी, आजीकडे. त्यावर आजी आणि मुलगा जगत होते. इथे आठवड्याची खर्ची मिळायची आणि ती शेवटच्या हिशेबातून कापली जायची, त्यामुळे खर्चीतून जितके कमी खावे तितके घरी परतताना हातात जास्त. बाजारातून तांदूळ, बटाटे, तेल, थोडी सुकट. बिस्कीट मात्र रोजचे, कारण ते रांधावे लागत नाही आणि सात वर्षांची मुलगी ते देऊ शकते. मी वही काढली आणि ‘कोण भरवते?’ या रकान्याकडे बघत राहिले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हा क्रम मी लावला होता तो माझ्या दिवसाचा. यांचा दिवस रात्री दोनला सुरू होत होता. माझ्या रकान्यात सकाळी आई कामावर होती आणि दुपारी झोपलेली. म्हणजे दोन्ही खणांत पुन्हा मोठी बहीणच.

आम्ही तिघींनी मिळून एवढेच ठरवले की विटा पाडून आल्यावर, झोपण्याआधी, नवऱ्याने चूल पेटवायची आणि आईने बारकीला पोटभर भरवूनच आडवे व्हायचे. आठवड्याच्या बाजारातून सहा अंडी आणायची, ती बारकीची. नवरा बाजूलाच विटा उलटत होता. त्याने ऐकले, काही बोलला नाही. निघताना मात्र, तिळगूळ घेऊन, म्हणाला, ‘सहाची आठ आणतो. मोठी पण लहानच आहे.’ बाप म्हणजे दारू आणि बेफिकिरी, असे ठोकळ चित्र आमच्या प्रशिक्षणांतल्या तक्त्यांवर असते. ते काही घरांत खरे असते, या घरात नव्हते. त्यामुळे या माणसासाठी आमच्याकडे एकही तक्ता नव्हता.

मेच्या अखेरीस ती मंडळी परतली. बारकीचे वजन ७ किलो ६०० ग्रॅम, दंडघेर १२ सेंटिमीटर. पंचवीस महिन्यांच्या मुलीसाठी हे फारच कमी आहे आणि उंचीतली तूट तर आता भरून निघणे अवघड आहे. पण भट्टीवरून परतलेली मुले साधारणपणे सॅममध्ये घसरलेली येतात, ती घसरली नव्हती. हिशेबात बयाणा फिटून थोडे पैसे उरले होते. आईने पाळणा लांबवण्यासाठी तांबी बसवून घेतली होती, आणि तेही मला न विचारता, आशाताईंच्या कानात बोलून.

जून २०२३ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जिच्यासाठी मी स्वतः दोन महिने पाठपुरावा केला होता. मोठ्या मुलीला आश्रमशाळेत प्रवेश मिळाला. निवासी शाळा, तीन वेळचे जेवण. पहिल्या दिवशी तिला पोहोचवायला आई आणि आजी दोघी गेल्या होत्या. मला फार आनंद झाला आणि त्याच संध्याकाळी वही उघडल्यावर लक्षात आले की बारकीच्या ओळीत दुपारचा खण आता रिकामा झाला आहे. ज्या मुलीला तिथून उठवावे म्हणून मी धडपडले, तीच त्या खणात बसलेली होती.

आवणी तोंडावर आली आहे. आजीचे गुडघे धरले आहेत, तिच्याच्याने दुपारी चूल पेटवणे होत नाही. बारकी तीन वर्षांची व्हायला अजून दहा महिने आहेत, तोवर अंगणवाडीत गरम जेवणाच्या यादीत तिचे नाव बसत नाही. मी मदतनिसांशी बोलले. त्यांचे घर त्याच वाटेवर आहे, आणि भाऊ अंगणवाडीत येतोच, तर त्याच्या बोटाला धरून बारकीनेही यायचे आणि मोठ्यांचे जेवण झाले की त्यांनी तिला मांडीवर घेऊन भरवायचे, असे आमचे ठरले. मदतनिसांचे मानधन किती आहे ते मला ठाऊक असल्यामुळे हे विचारताना मला संकोच वाटला. त्या म्हणाल्या, ‘आवणीपुरतं बघू.’ म्हणून त्या खणात मी सध्या ‘मदतनीस’ असे पेन्सिलीने लिहिले आहे.